धुराचा सातबारा कोणाच्या नावावर?

कूळकायद्याच्या लढ्यात ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांना एक गोष्ट कोणी पुस्तकातून शिकवावी लागली नाही. जमीन कोण कसतो हे साऱ्या गावाला ठाऊक असते; कायद्याला मात्र ते ठाऊक होते तलाठ्याच्या पीकपाहणीच्या रकान्यातून. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी ज्याचे नाव त्या रकान्यात होते तो मालकीच्या वाटेला लागला. ज्याचे नव्हते तो तीच जमीन दोन पिढ्या कसूनही उपरा ठरला. आणि पीकपाहणी पुष्कळदा शेताच्या बांधावर न होता चावडीत बसून होत असे, हेही आपल्याला माहीत आहे. शहरातील कार्यकर्त्यांना हाच धडा १९७६ साली मुंबईतील झोपड्यांच्या गणनेने दिला. गणनेत जो सापडला त्याला फोटोपास मिळाला. जो त्या दिवशी कामावर किंवा गावी होता, त्याच्या झोपडीला पुढे कित्येक वर्षे अस्तित्वच नव्हते.

अशाच एका नोंदवहीकडे आज मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तिच्यात जमिनीची किंवा झोपडीची नोंद नसून धुराची नोंद आहे. शास्त्रज्ञ तिला उत्सर्जन-सूची म्हणतात. शहरात कोणत्या ठिकाणाहून, कोणत्या उद्योगातून, कोणत्या प्रहरी, किती आणि कसला धूर व धूळ हवेत जाते याचा तो अंदाजपत्रकासारखा मांडलेला हिशेब असतो. हा हिशेब नकाशावर आखलेल्या चौकटींत वाटून देतात आणि मग वारा, ऊन, आर्द्रता यांची गणिते त्याला जोडून उद्याची हवा कशी असेल, अमुक कारखाना हलवला तर काय होईल, अमुक वाहने बंद केली तर काय होईल, याचे उत्तर संगणकाकडून मिळवतात. सरकारचे निर्णय, महापालिकेची निविदा, न्यायालयात दाखल होणारे प्रतिज्ञापत्र या साऱ्यांच्या मुळाशी आज ही सूची असते. आपल्यापैकी फारच थोड्यांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे. हवेविषयी आपण मोर्चे काढतो, निवेदने देतो. या वहीत आपल्या वस्तीच्या नावापुढे काय लिहिले आहे हे विचारत नाही.

सूचीचे गणित अवघड नाही. शाळेत शिकलेला गुणाकार तिला पुरतो. काम किती झाले, त्याला कामाच्या एककामागे किती धूर निघतो याने गुणायचे, आणि धूर अडवणारे काही साधन बसवलेले असेल तर त्याचा भाग वजा करायचा. ट्रक दिवसात किती किलोमीटर चालला गुणिले किलोमीटरमागे किती ग्रॅम. बेकरीने किती किलो लाकूड जाळले गुणिले किलोमागे किती ग्रॅम. या दुसऱ्या आकड्याला उत्सर्जन गुणांक म्हणतात. शहरातील असे हजारो गुणाकार एकत्र केले की सूची तयार होते. अवघड आहे ते गुणाकाराच्या दोन्ही बाजूंचे आकडे प्रामाणिकपणे मिळवणे, आणि तेथेच चावडीत बसून होणाऱ्या पीकपाहणीची आठवण व्हावी अशी परिस्थिती आहे.

पहिला आकडा घ्या. शहरात वाहने किती? परिवहन कार्यालयाच्या दप्तरात एक संख्या असते. पण त्या दप्तरात भंगारात गेलेल्या स्कूटरी जिवंत असतात, आणि दुसऱ्या जिल्ह्यात नोंदलेला पण रोज शहरात फिरणारा टेम्पो तेथे नसतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे संशोधक चौकाचौकांत उभे राहून वाहने मोजतात, पेट्रोलपंपांवर आणि वाहनतळांवर चालकांना विचारतात की गाडी कोणत्या सालची, महिन्याला किती पळते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ या नावाने हवेचा अंदाज देणारी जी व्यवस्था उभी केली, ती २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने आणि नंतर पुणे व मुंबईत, तिच्यासाठी विद्यार्थ्यांच्या तुकड्यांनी रस्त्यारस्त्यांवर उभे राहून अशी पाहणी केली. पुढे त्यांनी चौकटी चारशे मीटर लांबी-रुंदीपर्यंत बारीक केल्या. हे काम खरोखर मोलाचे आहे आणि त्याची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. सरकारी म्हणून प्रत्येक आकडा खोटाच, असे म्हणण्याची जी सवय आपल्यातल्या काहींना लागली आहे ती आळसाची आहे.

परंतु वाहने रस्त्यावर दिसतात म्हणून मोजता येतात. पहाटे सफाई कामगाराने गोळा केलेला पाचोळा आणि प्लॅस्टिक कोपऱ्यात पेटवून दिले, तर ते कोणत्या दप्तरात असते? बांधकामावर उघड्यावर राहणारी बिगारी कुटुंबे तीन दगडांच्या चुलीवर फळ्यांचे तुकडे जाळतात. त्यांच्याकडे गॅसची जोडणी आहे की नाही हे जनगणनेच्या आकड्यांवरून ठरवायचे, तर जनगणना २०११ नंतर मुदतीत झालीच नाही. भांडी बनवणारे, वर्ख ठोकणारे, जुनी वायर जाळून तांबे काढणारे यांना उद्योग म्हणून परवानाच नसतो, म्हणून उद्योगांच्या यादीतही ते नसतात. येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. ज्यांचा धूर सूचीत येत नाही त्यांच्यावर कारवाईची योजना येत नाही, हे क्षणभर त्यांच्या सोयीचे वाटते. पण मग त्यांच्यासाठी इंधन बदलण्याची, धुराडे बसवण्याची, नुकसानभरपाईची योजनाही येत नाही. आणि तो धूर सर्वांत आधी त्यांच्याच छातीत जातो.

दुसरा आकडा, म्हणजे गुणांक. किलोमीटरमागे किती ग्रॅम हे ठरवण्यासाठी गाडी प्रयोगशाळेत रुळांवर ठेवून एका ठरावीक लयीत पळवतात. आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने भारतीय वाहनांचे असे गुणांक काढले आणि अनेक शहरांच्या सूच्या त्यांवर उभ्या आहेत. प्रयोगशाळेतील गाडी मात्र सायन-पनवेल महामार्गावर अडकत नाही, तिच्यात दीडपट माल भरलेला नसतो आणि तिचा चालक रॉकेल मिसळत नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवागन कंपनीचे प्रकरण उघड झाले तेव्हा जगाला कळले की परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी करणारी आज्ञावली लक्षावधी मोटारींत बसवली होती; रस्त्यावर नायट्रोजनचे विषारी वायू मर्यादेच्या कित्येक पट निघत होते. म्हणजे जगातील त्या साऱ्या सूच्यांतील डिझेल मोटारींच्या नोंदी कंपनीने ठरवल्याप्रमाणे लिहिल्या गेल्या होत्या! बांधावर न जाता लिहिलेल्या पीकपाहणीचे याहून मोठे उदाहरण सापडणे कठीण.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. तो आहे रस्त्यावरच्या धुळीचा. गेली काही वर्षे प्रत्येक शहराच्या प्रत्येक अहवालात एक वर्तुळ छापलेले असते आणि त्या वर्तुळातील सर्वांत मोठा तुकडा रस्त्यावरच्या धुळीचा असतो. कानपूरच्या आयआयटीने दिल्लीसाठी केलेला अभ्यास जानेवारी २०१६ मध्ये सादर झाला. त्यात शहर दोन किलोमीटरच्या चौकटींत विभागले होते. त्या सूचीप्रमाणे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांपैकी ५६ टक्के आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांपैकी ३८ टक्के रस्त्यावरच्या धुळीतून येत होते. वाहनांच्या नळकांड्यांतून अनुक्रमे ९ आणि २० टक्के. वर्तमानपत्रांनी हेच आकडे उचलले.

पण हा धुळीचा आकडा येतो कोठून? रस्त्याच्या मोजक्या तुकड्यावरची धूळ झाडून किंवा ओढून गोळा करतात, चाळतात, पंचाहत्तर मायक्रॉनहून बारीक माती किती हे तोलतात. आणि मग अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने आपल्या रस्त्यांसाठी बसवलेल्या सूत्रात ते वजन घालतात. काही थोड्या ठिकाणच्या नमुन्यांवरून हजारो किलोमीटरचे अनुमान काढले जाते. याहून महत्त्वाची गोष्ट त्या सूत्राच्या आतच आहे. त्यात मातीच्या शेजारी आणखी दोन राशी असतात: वाहने किती किलोमीटर धावली, आणि त्या वाहनांचे सरासरी वजन किती. वजन दुप्पट झाले तर धूळ जवळजवळ दुप्पट होते. याचा अर्थ असा, की रस्त्यावरची धूळ हे वाहनांचेच अपत्य आहे. रस्ता रिकामा असेल तर माती जागच्या जागी पडून राहते. वर्तुळ आखताना मात्र या अपत्याला बापापासून तोडून अनाथ म्हणून उभे केले जाते. मोटारींचा तुकडा लहान दिसतो, धुळीचा मोठा. आणि धुळीचा कोणी मालक नसल्यामुळे कोणावर दावाही लागत नाही. दोन टनांच्या आलिशान गाडीत एकटा बसून जाणारा मनुष्य आणि बसमधील साठ प्रवासी यांनी दरडोई किती धूळ उडवली, हा हिशेब त्याच सूत्रातून करता आला असता. तो मी एकाही वर्तुळात पाहिलेला नाही.

त्याच कानपूरच्या अभ्यासाचा दुसरा भागही होता, ज्याची चर्चा कमी झाली. हवा गाळून कागदावर जे कण जमले त्यांचे रासायनिक पृथक्करण करून ते कोठून आले हे उलट्या दिशेने शोधण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीने दिल्लीच्या हिवाळ्यातील बारीक कण तपासले तेव्हा पहिल्या क्रमांकावर, २५ ते ३० टक्के, आले ते गंधक व नायट्रोजनच्या वायूंपासून हवेतल्या हवेत तयार होणारे कण. मग वाहने २० ते २५ टक्के. मग लाकूड, पाचोळा, पराटी यांसारख्या जैव इंधनाचा धूर १७ ते २६ टक्के. धूळ पार खाली घसरली. दोन्ही भाग एकाच अहवालात, एकाच संशोधकांनी लिहिलेले. विरोधाभास वाटतो, पण तो नाही. जमिनीवरून किती टन उठले हा एक प्रश्न आहे आणि हिवाळ्याच्या रात्री माणसाने नाकातून काय ओढले हा दुसरा. जाड धूळ उठते आणि बसते. गंधकाचा वायू उठतो आणि शंभर कोसांवर कण होऊन उतरतो. शास्त्रज्ञांनी दोन्ही उत्तरे दिली होती. राज्यकर्त्यांनी त्यांतले स्वस्त उत्तर निवडले.

किती स्वस्त ते पाहा. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जाहीर केला. शहरांना पैसा मिळू लागला आणि त्यांचे यशापयश मोजायचे ठरले ते मुख्यतः दहा मायक्रॉनच्या जाड कणांवर. दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०२४ साली या खर्चाचा ताळेबंद मांडला तेव्हा दिसले की खर्चापैकी ६४ टक्के रक्कम धूळ खाली बसवण्यावर गेली: रस्ते झाडणारी यंत्रे, पाणी फवारणारे टँकर, पदपथांचे काँक्रीट. वाहनांवर साडेबारा टक्क्यांच्या आसपास. आणि उद्योगांच्या धुरावर ०.६१ टक्के. शंभर रुपयांतले एकसष्ट पैसे! टँकरची निविदा काढताना कोणताही कारखानदार दुखावत नाही, कोणताही मोटारवाला रागावत नाही, आणि कंत्राटदार मात्र संतुष्ट होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली, उच्च न्यायालयाने स्वतः होऊन दखल घेतली, तेव्हा महापालिकेनेही जी नियमावली काढली तिचा भर बांधकामांभोवतीच्या उंच पत्र्यांवर आणि पाण्याच्या फवाऱ्यांवर होता. बांधकामाची धूळ अडवली पाहिजे यात वाद नाही. त्या धुळीत दिवसभर उभा राहणारा बिगारी ज्या प्रमाणात ती ओढतो, त्याच्या शतांशही रस्त्यावरून जाणारा ओढत नाही. पण पत्रा धूळ अडवतो तो बाहेरच्यांसाठी. आतल्या बिगाऱ्याभोवती ती तशीच कोंडून राहते. नियमावलीत त्याच्या नाकाचा विचार किती, हे ज्याने त्याने वाचून ठरवावे.

सूचीतील तिसरी पायरी म्हणजे वाटप, आणि राजकारणाच्या दृष्टीने मला ती सर्वांत नाजूक वाटते. समजा, शहरात एकूण किती डिझेल-पेट्रोल विकले गेले एवढेच माहीत आहे. मग तो धूर चौकटींत कसा वाटायचा? सोपा आणि सर्रास वापरला जाणारा उपाय म्हणजे लोकसंख्येच्या प्रमाणात. जेथे माणसे दाट, तेथे धूर जास्त लिहायचा. मुंबईत याचा परिणाम काय होईल याचा विचार करा. धारावीत लोकवस्ती सर्वांत दाट, म्हणून नेपियन सी रोडवरच्या मोटारींचा धूर वहीत धारावीच्या नावावर चढतो. ज्यांच्या दहा घरांत मिळून एक दुचाकी आहे ते धूरवाले ठरतात, आणि ज्यांच्या एका घरात चार मोटारी आहेत त्यांची चौकट नकाशावर हिरवी दिसते. रस्त्यांच्या लांबीप्रमाणे वाटप केले तर घाटकोपरची गल्ली आणि द्रुतगती महामार्ग यांना एकाच मापाने मोजण्याचा धोका. युरोपात तयार झालेल्या जागतिक सूच्यांची चौकट आपल्या अक्षांशावर साधारण अकरा किलोमीटरची असते. तिच्यात अर्धी मुंबई दोन-चार घरांत मावते. हा कोणाचा कट नाही. माहिती नसली की शास्त्रज्ञाला काहीतरी प्रमाण धरावेच लागते. पण ज्या समाजात माणसे दाट राहतात त्याचे कारणच गरिबी आहे, तेथे दाटीला धुराचे प्रमाण मानणे हे तटस्थ गणित उरत नाही.

उलट दिशेची चूक माहुलला झाली. चेंबूरच्या पूर्वेला तुर्भे-माहुलच्या पट्ट्यात १९५० च्या दशकात दोन तेलशुद्धीकरण कारखाने आले, पुढे खत कारखाना, औष्णिक वीजकेंद्र, रसायनांच्या साठवण टाक्या. माहुल हे मूळचे कोळ्यांचे गाव. केईएम रुग्णालयाच्या पाहणीत तेथील सुमारे दोन तृतीयांश लोकांना महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा श्वास लागत असल्याची तक्रार आढळली. या पाहणीची दखल घेऊन डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तेथील हवा आरोग्याला घातक असल्याचे म्हटले. आणि त्यानंतर, २०१७ पासून, तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या तोडून हजारो कुटुंबे याच माहुलमधील इमारतींत नेऊन टाकण्यात आली! या लोकांनी दीर्घकाळ आंदोलन केले, आणि २०१९ साली उच्च न्यायालयाने सरकारला सांगितले की कोणाला तेथे जबरदस्तीने पाठवू नका, पर्यायी घर नसेल तर महिना पंधरा हजार रुपये भाडे द्या.

माहुलची हवा ज्या पदार्थांनी बिघडते त्यांत मोठा भाग टाक्यांतून, नळांच्या जोडांतून आणि टँकर भरताना निसटणाऱ्या वाफांचा आहे. तो चिमणीतून जात नाही, म्हणून चिमणीवरच्या यंत्राला दिसत नाही. तो धूळ नाही, म्हणून धूलिकणांच्या वर्तुळात त्याला जागा नाही. केवळ धूलिकण मोजणारी सूची घेतली तर माहुलची चौकट आजूबाजूच्या कोणत्याही चौकटीसारखी साधारण दिसू शकते. अशा वाफा मोजण्यापेक्षा टाकीचा आकार, तिच्यातून वर्षभरात किती माल गेला, तापमान किती, यांवरून सूत्राने काढाव्या लागतात, आणि ही माहिती कंपनीच्या कपाटात असते. ऑगस्ट २०२० मध्ये हरित लवादाने चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली, त्या साऱ्या वादाचा गाभा हाच होता की कोणाच्या टाकीतून किती वाफ गेली. सूची हे संशोधकांचे कपाटातील बाड नसून कोट्यवधींच्या दाव्यातील पुरावा आहे, हे कंपन्यांच्या वकिलांना आपल्या आधी कळले आहे.

टन आणि श्वास यांच्यातील अंतराविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण सभेत हा मुद्दा समजावून सांगताना आपली गल्लत होते. पाचशे मेगावॅटच्या वीजसंचाला २७५ मीटर उंचीची चिमणी असावी असा आपल्याकडे नियम होता. इतक्या उंचीवरून निघालेला एक टन धूर दूरवर पसरतो, विरळ होतो. तोच एक टन धूर जर चाळीच्या जिन्याखालच्या चुलीतून, गल्लीतल्या डिझेल जनित्रातून, गोवंडीच्या काँक्रीट कारखान्यापुढच्या ट्रकांतून निघाला, तर तो माणसांच्या नाकाच्या उंचीवर, भिंतींच्या मध्ये घोटाळत राहतो. त्यात रात्रीची वेळ असेल तर आणखी वाईट. दिवसा उन्हाने तापलेली हवा हजार-दीड हजार मीटरपर्यंत घुसळली जाते. हिवाळ्याच्या रात्री हे छत काहीशे मीटरवर उतरते. मुंबईला दिवसा समुद्राचा वारा वाचवतो. रात्री वारा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो, आणि पूर्वेकडचा धूर पश्चिमेकडच्या शहरावर आणून ठेवतो. देवनारच्या कचराभूमीला, जी १९२७ पासून चालू आहे, जानेवारी २०१६ मध्ये आग लागली तेव्हा तो धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. एरवी जे गोवंडीकर बारा महिने ओढतात ते त्या आठवड्यात साऱ्या शहराने ओढले, आणि म्हणून ती बातमी झाली. म्हणून सूचीत टनांच्या शेजारी तास आणि उंची लिहिलेली असली पाहिजे, आणि त्याच्या शेजारी तेथे श्वास घेणारी माणसे किती हेही.

पण उंच चिमण्यांना यातून माफी मिळत नाही. त्यांचा गंधकवायू दूर जाऊन बारीक कण होतो, हे वर आलेच आहे. शहराची सूची मात्र बहुधा महापालिकेच्या हद्दीवर संपते, जणू जकातनाक्यावर धूर थांबतो. नागपूरच्या सूचीत कोराडी-खापरखेडा किती, चंद्रपूरचा किती, हा प्रश्न हद्दीच्या बाहेर म्हणून सोडता येणार नाही. औष्णिक केंद्रांच्या गंधकवायूवर मर्यादा घालणारा नियम डिसेंबर २०१५ मध्ये झाला. दोन वर्षांची मुदत होती. ती वारंवार वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य संचांना वायू धुण्याचे यंत्र बसवण्यातून सूटच मिळाली. रस्त्यावर टँकर पाणी फवारतो आहे आणि चिमणीला सूट आहे: वर्तुळ कोणते निवडले याचा हा परिणाम.

आता आपल्या गैरसोयीचा भाग. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर जाण्याचा आदेश दिला. मुंबईच्या श्रमिकाचा नाश्ता म्हणजे पाव. तो भाजणारा कामगार भट्टीच्या तोंडाशी उभा राहतो आणि पुष्कळदा भट्टीच्या माथ्यावरच झोपतो. आदेश आला तेव्हा आपल्यातल्या काही मित्रांची पहिली प्रतिक्रिया अशी होती की मोठ्यांना सोडून गरिबांच्या पोटावर पाय आणला. यातले पहिले अर्धे वाक्य खरे आहे. दुसरे मला मान्य नाही. लाकडाच्या भट्टीचा धूर खरा आहे, तो वस्तीच्या मध्यावर आणि नाकाच्या उंचीवर निघतो, आणि त्याचा पहिला बळी तो भट्टीवाला कामगारच आहे. गरिबाचा धूर म्हणून तो पवित्र होत नाही. आपण भांडायला हवे होते ते वेगळ्या गोष्टीसाठी: भट्टी बदलण्याचा खर्च कोणी द्यायचा, बदलाच्या काळात कामगारांच्या मजुरीचे काय, आणि शुद्ध हवेच्या निधीतून जर टँकर घेता येतात तर विजेच्या भट्ट्या का नाहीत. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी आपल्या विभागात बेकऱ्या किती, लाकूड किती, कामगार किती, हे आकडे आपल्या हातात असायला हवे होते. ते नव्हते. आपण आकड्यांशिवाय भाषण केले, आणि समोरच्यांकडे आकडे होते.

म्हणून काय करायचे याविषयी माझे म्हणणे अगदी साधे आहे. १९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे हवेच्या प्रदूषणाविषयी माहिती गोळा करणे आणि ती लोकांपर्यंत पोहोचवणे हे राज्य मंडळाचे कर्तव्यच आहे. महाराष्ट्राचे मंडळ तर त्या कायद्याच्याही आधीचे, १९७० सालचे. सार्वजनिक पैशातून तयार झालेली प्रत्येक शहराची सूची वर्तुळाच्या रूपात न देता मूळ चौकटींसह, प्रत्येक चौकटीतला आकडा कोणत्या गुणांकावर, किती नमुन्यांवर, कोणत्या सालच्या पाहणीवर आधारलेला आहे या टिपांसह खुली करावी, ही मागणी प्रत्येक जिल्हा शाखेने लेखी करावी. आकड्याबरोबर त्यातील अनिश्चितताही छापली पाहिजे. चांगला संशोधक ती लिहितोच, गाळली जाते ती मंत्रालयातील सारांशात. मोठ्या कारखान्यांच्या चिमण्यांवर बसवलेल्या स्वयंचलित यंत्रांचे आकडे मंडळाकडे क्षणोक्षणी येतात. ते मागील वर्षांसह लोकांना पाहता आले पाहिजेत. माहिती अधिकाराचा अर्ज करायला दहा रुपये लागतात.

आणि मागणीच्या पलीकडे थोडे काम. ज्या वस्तीत आपली शाखा आहे तेथे एक चौक निवडावा आणि एका आठवड्यातील दोन दिवस, एक कामाचा व एक सुटीचा, चोवीस तास पाळीपाळीने उभे राहून वाहने मोजावीत; ट्रक, टेम्पो, बस, रिक्षा, मोटार, दुचाकी असे वेगवेगळे रकाने करून. रात्री अकरा ते पहाटे पाच ही पाळी कोणाला नको असते, पण अवजड ट्रक त्याच वेळी शहरात येतात आणि हवेचे छतही तेव्हाच खाली असते, त्यामुळे ती टाळून चालणार नाही. वस्तीतल्या बेकऱ्या, भट्ट्या, जनित्रे, कचरा जाळण्याच्या जागा यांची यादी सफाई कामगारांच्या संघटनेला बरोबर घेऊन करावी. पहाटे काय कोठे पेटते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. ही यादी करताना कोणाचेही नाव पोलिसांच्या हाती जाणार नाही याची खात्री आधी द्यावी लागेल, नाहीतर कोणी तोंड उघडणार नाही, आणि त्यात त्यांची चूक नाही. मग मंडळाकडून मिळालेल्या चौकटीतला आकडा आणि आपला आकडा शेजारी शेजारी ठेवावेत. फरक निघाला तर तो घेऊन आधी संशोधकांकडे जावे. माझा अनुभव असा की त्यांना बहुतेक वेळा आनंद होतो, कारण चौकात उभे राहायला त्यांनाही माणसे मिळत नाहीत.

चेंबूर, गोवंडी आणि मानखुर्द येथील मित्रांनी या हिवाळ्यात, शक्य तर डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, अशी मोजणी करण्याचे ठरवावे असे सुचवतो. रकान्यांचा नमुना तयार आहे. ज्या शाखांना हवा असेल त्यांनी कार्यालयाकडे लिहावे. रात्रीच्या पाळीसाठी किमान चार जण लागतील.